फेस्टसने न ओढलेली दोरी

हेशनचं कापडदुकान जळत होतं, तेव्हा चर्चचा घंटावाला फेस्टस मल्करिन मनोऱ्याखाली दारू पिऊन पडला होता, अशी कुजबूज बॅलीनडरात पहिल्याच आठवड्यात झाली. दुसऱ्या आठवड्यात लोकांना बाटलीचा रंगही ठाऊक झाला. असल्या कामात आमच्या गावाला भारी उरक.

त्या काळी आग लागली की चर्चची घंटा बडवायची; ती ऐकून बंबावरचे सहाजण हातातलं टाकून धावायचे. त्या दुपारी घंटा वाजलीच नाही. नदीपलीकडच्या लाकूडगिरणीत निरोप पोचेपर्यंत दुकान, वरचं घर, शेजारची बेकरी, सगळं गेलं. जळक्या लोकरीचा घाणेरडा वास महिनाभर पावाला, चहाला, उशीला येत होता.

रविवारी मोठ्या फादरांनी भर चर्चमध्ये फेस्टसच्या कोटावरचा बिल्ला काढून घेतला, गोगलगाय उचलावी तसा, दोन बोटांनी. दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा तो बिल्ला फेस्टस चौदाव्या वर्षापासून लावत होता.

ईस्टरनंतर त्याचं दुकानवाल्या हेशनच्या मुलीशी, डीलियाशी, लग्न होतं. तो तिला खरं सांगायला गेला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "प्यायलास ते प्यायलास, वर नाव कुणाचं घेतोस? शिसारी येते तुझी."

लग्न मोडलं. पुढची तीस वर्षं फेस्टस पबात लिंबूपाणी पीत बसायचा आणि टवाळ लोक त्याच्या ग्लासात नाक घालायचे. "काय फेस्टसराव, आज कोरडेच?"

मोठे फादर वारले. जळक्या जागेवर बांधलेल्या सभागृहाला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं, आणि त्या वेळी घंटा वाजवायची फेस्टसने. मधल्या काळात एक नवरा करून, त्याला पुरून आलेली डीलिया मनोऱ्याखाली आली.

"आज तरी शुद्धीत आहेस ना?"

फेस्टसने दोरी तिच्या हातात दिली. "तूच ओढ. त्या नावासाठी ओढायचं म्हटलं की मला ओकारी येते."

तिने दोरी ताणली, तोच फादरांची म्हातारी स्वयंपाकीण मिस गॅन्ली मागच्या बाकावरून बोलली, "ओढू नकोस, पोरी. मी होते तेव्हा दारात." तीस वर्षं गिळून बसलेली बाई, आणि तोंड उघडलं कधी, तर फादर मातीत गेल्यावर.

आगीच्या दुपारी फेस्टस प्यायलेला नव्हता. त्याने दोरी धरली होती. आत बिशप प्रवचन देत होते. त्यात खंड पडू नये म्हणून मोठ्या फादरांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि खुंटीला बांधून ठेवली.