जुन्या ट्रॅक्टरचं नवं स्टेअरिंग

असोदा रोडला आमच्या गॅरेजात कुणी चहाला थांबलं की प्रश्न ठरलेला असतो, "मग, अजून काही झालं का?" नवीन काही झालेलं नसलं तरी जुनं आठवतं. एक किस्सा सांगावा, तर ऐकणारा आपल्या घरचा एक ठेवून जातो. किस्से असेच साठत गेले.

आमचं काम जुने ट्रॅक्टर नव्यासारखे करायचं. मालक सुपडूनाना, इंजिन त्यांच्याकडे. वेल्डिंग सलीमभाईंकडे. मी मिलिंद. आधी नरडाण्याला एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस सांभाळायचो, म्हणून पॉवर स्टेअरिंग माझ्याकडे. जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग फिरवताना माणसाचे खांदे निघतात. आम्ही त्याचा जुना स्टेअरिंग बॉक्स काढतो. पंप, व्हॉल्व्ह आणि पुढच्या ॲक्सलला एक सिलिंडर बसवतो. मग तेलाच्या दाबानं चाकं वळतात, एका बोटानं.

एवढं साधं काम. यात भ्यायचं काय, असं मलाही वाटायचं.

*

चाळीसगावचे एक रिटायर्ड गुरुजी. वडिलांचा ट्रॅक्टर हौसेनं नीट करून घेत होते. ट्रायलच्या दिवशी पुढची चाकं जॅकवर उचललेली आणि गुरुजी सीटवर. नानांनी इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंग आपोआप फिरायला लागलं. गरगर, उजवीकडे. गुरुजींनी दोन्ही हात वर उचलले आणि नुसते बघत राहिले.

मी पळत जाऊन इंजिन बंद केलं. चूक माझीच होती. व्हॉल्व्हचे होज पाइप उलटे जोडले गेले होते. तसं झालं की स्टेअरिंग स्वतःच मोटरसारखं फिरतं. मी माफी मागितली. गुरुजी खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असू द्या. आमचे वडील घाईतच असायचे."

पाइप नीट जोडले, पुन्हा कधी फिरलं नाही. ट्रॅक्टर न्यायला आले त्या दिवशी गुरुजी सीटच्या अर्ध्या भागावर बसले, अगदी कडेला.

नाना म्हणाले, "गुरुजी, सरकून बसा ना, जागा आहे."

गुरुजी म्हणाले, "कुठे आहे?"

*

नरडाण्याकडचे हिरामण आबा. त्यांच्या वडिलांनी नवा घेतलेला ट्रॅक्टर, घराबाहेरच्या कुणाचा हात लागलेला नाही. स्टेअरिंग बॉक्स मी स्वतः उघडला. झाकणाच्या बोल्टवर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. आत काळं घट्ट ग्रीस, आणि तळाशी चांदीचं एक जोडवं.

नानांनी तेल टाकायच्या भोकाचं माप घेतलं, मग जोडव्याचं घेतलं. जोडवं मोठं. अखंड, कुठे दाबलेलं नाही.

आबांना बोलावलं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि तळहातावर धरलं. "हाई मन्ही मायनं शे," म्हणाले.

आबा लहान असताना कापसाच्या वेचणीत आईचं जोडवं हरवलं होतं. तिनं ते माहेरी दिलं, असा वडिलांना संशय. ती शेवटपर्यंत एकाच पायात जोडवं घालून हिंडली. "मन्हा बापनी कधी खरं मानं नही," आबा म्हणाले. तो बापच हा ट्रॅक्टर चालवायचा.

नानांनी त्यांना माप दाखवलं. "आबा, हे या भोकातून जात नाही."

आबांनी जोडवं खिशात टाकलं. "मायना पाय बारीक व्हतात," भोकाकडे बघून म्हणाले आणि निघाले.

*

नानांचे उस्ताद फकिराभाऊ. सगळी उमर ट्रॅक्टर चालवण्यात गेली, आता डोळे गेलेत. एकदा त्यांना गॅरेजात आणलं. नाना म्हणाले, "भाऊ, हात लावून पाहा, लोण्यासारखं चालतं." मागच्या मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर सोडला. भाऊ सीटवर, नाना बाजूच्या मडगार्डवर ब्रेक सांभाळून.

दहा-बारा हात गेले असतील. भाऊ म्हणाले, "सुपडू, रस्ता कुठे गेला?"

त्यांचं खरं होतं. जुन्या स्टेअरिंगला प्रत्येक खडा हाताला लागायचा. तेलाच्या स्टेअरिंगला फारसं काही लागत नाही. नानांनी तसं समजावलं.

"मग वळवणार कोण? मी का तेल?" असं म्हणून भाऊंनी हात काढून मांडीवर ठेवले.

मी दारात उभा होतो. ट्रॅक्टर मैदानाच्या टोकाला गेला, तिथल्या कडुलिंबाला सावकाश वळसा घातला आणि जिथून निघाला तिथे येऊन थांबला. मला वाटलं, नानांनी वळवला. नानांना वाटलं, भाऊंनी पुन्हा हात लावला.

भाऊंना विचारलं तर म्हणाले, "अजून वळलो कुठे आपण?"

*

सलीमभाई हा किस्सा स्वतः सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

धुळ्याचा एक ट्रॅक्टर आला होता. सिलिंडर बसवायला पुढच्या ॲक्सलला दोन भोकं पाडावी लागतात. मी मापं घेऊन खडूनं खुणा केल्या. सलीमभाईंनी ग्राइंडरनं तिथला रंग काढला. रंगाखाली, माझ्या दोन्ही खुणांच्या बरोबर खाली, दोन भोकं निघाली. जुनी, वेल्डिंगनं भरून टाकलेली.

ते माप मी त्याच सकाळी ठरवलं होतं.

सलीमभाई वाकून त्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "हा अब्बांचा हात आहे."

त्यांचे वडील धुळ्यात वेल्डर होते. ते गेले तेव्हा आमच्या भागात जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवतात हे कुणी ऐकलंही नव्हतं.

मी म्हणालो, "काहीतरी दुसरं बसवलं असेल."

"असेल. पण अब्बांनी भोक बुजवलं, म्हणजे त्यांना जागा पसंत नव्हती."

त्यांनी एका भोकातलं वेल्डिंग घासून काढलं. आतून केसाएवढी चीर निघाली होती, ॲक्सलच्या पोटात लांबवर गेलेली. तिथे सिलिंडर बसवला असता तर पहिल्याच चढावर ॲक्सल दुभंगला असता. सलीमभाईंनी ग्राइंडर बंद केला आणि डोक्यावरची टोपी नीट बसवली.

*

आणि ह्या असोद्याच्या इंदूअक्का. केळीचं शेत, नवरा देवरामभाऊ दोन वर्षांपूर्वी गेलेले. मुलगा पुण्याला, त्याचं म्हणणं ट्रॅक्टर विकून टाक, शेत दुसऱ्याला कसायला दे. अक्का आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मले स्वतः चालवायचा आहे. पण माझ्या खांद्यानं ते स्टेअरिंग वळत नाही. तुम्ही वळेल असं करा."

देवरामभाऊंच्या स्टेअरिंगमध्ये फार ढिलाई होती. चाकं सरळ ठेवायला हात सारखा इकडेतिकडे हलवावा लागायचा. त्यामुळे शेताच्या वाटेवर त्यांच्या चाकांची रेघ नागमोडी उमटायची. गावात कुणीही ओळखायचं, देवरामभाऊ इथून गेला.

आम्ही सगळं नवीन बसवलं. अक्का मागच्या मैदानात आठवडाभर शिकल्या. पहिल्यांदा एका हातानं वळला तेव्हा नुसत्या त्या हाताकडे बघत बसल्या. मग स्वतः चालवत घरी घेऊन गेल्या. मी मोटरसायकलवर मागे होतो. मातीत त्यांची रेघ दोरी लावल्यासारखी सरळ उमटत होती.

पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला. "मिलिंद, येऊन जा."

गेलो तर अक्का वाटेवर उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी वाटेवर पाणी फुटून चिखल झाला होता. त्या चिखलात गोठ्यापासून केळीत आतपर्यंत ताजी रेघ होती. नागमोडी.

"चावी माझ्या कमरेला आहे," अक्का म्हणाल्या. "आवाजही नाही आला."

गोठ्यात उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग मी तपासलं. ढिलाई अजिबात नव्हती. पाइप तपासले, तेल पाहिलं, सगळं ठीक. इंजिन गार होतं. चाकांना चिखल ओला होता. अक्का घाबरल्या असतील असं वाटून मी म्हणालो, "अक्का, जुनं स्टेअरिंग गॅरेजात आहे अजून. परत बसवून देऊ का?"

अक्का वाटेनं चालायला लागल्या. मी मागे गेलो. केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत रेघ वाकडीतिकडी होती. मधल्या बांधाशी वळणं कमी झाली. शेवटच्या वाफ्यापाशी रेघ जवळपास सरळ होती.

अक्का तिथे थांबल्या, पदरानं तोंड पुसलं.

"नको," म्हणाल्या. "शिकू राह्यले ते."