'धन्यवाद, नोंद झाली'

भडगावकडच्या एका आबांना मी दूध डेअरीवर, चारचौघांसमोर खोटं ठरवलं. केळीच्या कापणीची तारीख आमच्या ॲपवर नोंदवायची, मग नंबर लागतो आणि कापणीची टोळी येते. आबा म्हणत होते, नोंद केली, वर 'धन्यवाद, नोंद झाली' असंही आलं. आमच्याकडे नोंद नव्हती. टोळी गेली नाही, घड झाडावरच पिकून वाया गेले. मी म्हणालो, आबा, तुम्ही बटण दाबलंच नसेल. लोक हसले.

आबा तरी हट्ट सोडेनात. मग त्यांना खोटं पाडायलाच मी जळगावच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, ॲप कुठे अडलं ते आपोआप टिपणारं. शेतकऱ्यांची माहिती बाहेर जायला नको म्हणून आमच्याच सर्व्हरवर. मेमरी पुरेना. तीनदा बसवलं, तीनदा कोसळलं. साहेब मागून म्हणत होते, एका म्हाताऱ्यापायी कशाला नसते उद्योग. माझं डोकं आधीच फिरलेलं. चौथ्यांदा चाललं आणि मी आबांना फोन करून पुन्हा नोंदवायला सांगितलं.

पडद्यावर एरर आला. मग दुसरा, तिसरा. आबांचा फोन मराठीत होता, त्यामुळे तारीख मराठी आकड्यांत यायची आणि सर्व्हर ती नाकारायचा. ऑफिसात आम्ही सगळे घरी अहिराणी बोलणारे, पण एकाचाही फोन मराठीत नाही. तपासणार कोण, कपाळ? दुपारपर्यंत इतर शेतकऱ्यांच्याही अशा एररची रांग लागली.

आणि नोंद फसली तरी 'धन्यवाद' दाखवणारी कोडमधली ती ओळ! लाल अक्षरं बघून शेतकरी बिचकतो, असं साहेबांचं म्हणणं. मी त्यांच्यावर तोंड सोडलं, सगळं ऑफिस ऐकत होतं. ते शांतपणे म्हणाले की लिहिली तर तूच ना. लिहिली होती, मान डोलावत लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घरी गेलो. चूक आमची होती, तुम्ही बटण दाबलं होतं, हे सांगितलं. आबांनी बसायला खाट पुढे केली.

"मी दाबं व्हतं, हाई माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "तुले माहीत नव्हतं. तरी तू डेअरीवर बोलना."

मग मला राग काढायला दुसरं कोणी उरलं नाही.