कोरडेमास्तरांची ओली फळी

कोरडेमास्तरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर त्यांनी कधी लावला नाही. गच्चीचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. स्लॅब तापला की लावलेला थर वरून आवळतो आणि खालून कच्चा राहतो. म्हणून साडेचारला उठायचं, पाचला चहा, साडेपाचला सायकल, आणि सहाच्या ठोक्याला कुणाच्या तरी इमारतीच्या डोक्यावर. बत्तीस वर्षं हाच क्रम.

खरं नाव वेगळंच होतं. 'कोरडेमास्तर' ही गच्चीवरच्या माणसांची करणी. कामावर त्यांचं एकच पालुपद असायचं: "आधी कोरडं, मग काम." गळकी गच्ची बंद करायची म्हणजे तिच्यावर पाणी न शिरणारा थर चढवायचा, एवढं कुणालाही कळतं. पण खाली ओल असताना वरून थर दिला, तर ती ओल आत कोंडते. कोंडलेली ओल गप्प बसत नाही. उन्हाने तिची वाफ होते, थराला फोड येतात, खालचं सिमेंट भुसभुशीत होतं. त्यापेक्षा गळकी गच्ची परवडली.

म्हणून मास्तर आदल्या दिवशी गच्चीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवत. सकाळी उचलायचा. आतून थेंब दिसले की काम बंद. मालक ओरडो, मुकादम ओरडो. थेंब नसले तरी मास्तर वाकून पालथा हात स्लॅबला लावत. तळव्याला घट्टे; त्याला काय कळणार? हाताची पाठ मात्र खरं सांगते. गार लागलं की ओल आहे.

"मास्तर, वहिनींच्या गालालाही असाच हात लावून बघता की काय?" मुकादम विचारायचा.

"बघतो की. गार लागला तर त्या दिवशी घरात तोंड उघडत नाही."

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती कपडे उसवून मापात करून द्यायची. आतल्या खोलीत सतरा वर्षांची मुलगी, तिची पुस्तकं आणि तिचा स्केटबोर्ड. तो स्केटबोर्ड तिने स्वतःच्या कमाईचा घेतला होता. वर्षभर दर रविवारी सकाळी उड्डाणपुलाखालच्या सिमेंटच्या मैदानावर तिने लहान पोरांना चाकांवर उभं राहायला शिकवलं, पडली की उचललं, रडली की डोळे पुसले, आणि त्यातून ही फळी आली. मास्तरांना त्या फळीचं कौतुक होतं, कारण तिच्यामागे कष्ट होते. तोंडाने मात्र ते कधी बोलले नाहीत.

पोरगीही त्यांच्या कामाबद्दल कधी बोलली नव्हती. एकदा तिच्या मैत्रिणी यायच्या होत्या, तेव्हा बाहेर टांगलेले त्यांचे डांबराने माखलेले कपडे तिने उचलून दाराच्या मागे नेले. मास्तरांनी पाहिलं. त्यानंतर ते कपडे रोज दाराच्या मागेच टांगू लागले.

अशात एका गुरुवारी ती संध्याकाळी भिजून आली. पावसाने वाटेत गाठलं होतं आणि पुलाखाली घोटाभर पाणी साठलं होतं. बोर्ड निथळत होता. तिने तो टॉवेलने पुसला, भिंतीला टेकवून पंखा लावला, आणि मास्तरांसमोर येऊन बसली.

"बाबा, याला पाणी लागू नये असं काही करता येईल का? तुम्ही अख्ख्या इमारती कोरड्या ठेवता."

मास्तरांनी तोंडातला चहाचा घोट गिळला. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना त्यांच्या कामातलं काही विचारलं होतं.

"आण इकडे."

फळी म्हणजे सात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. वरून काळा खरखरीत कागद, खाली रंग. टोकं मात्र जमिनीवर घासून उघडी पडली होती, आणि पापुद्र्यांच्या कडा पुस्तकाच्या पानांसारख्या दिसत होत्या. पाणी शिरतं ते इथूनच. मास्तरांनी चाकं खोलली. चाकांतली बेअरिंग एकेक काढून फडक्यावर वाळत ठेवली. कडा बारीक कागदाने घासल्या. सायकलच्या कॅरियरवर पारदर्शक लेपाचा अर्धा डबा होता, कामावरून उरलेला.

"रविवारी संघाची निवड आहे, बाबा. सहाच जणी घेणार. उद्या संध्याकाळी सराव. तोपर्यंत होईल ना?"

मास्तरांनी उघड्या कडेला पालथा हात लावला. गार लागली.

हात क्षणभर तिथेच राहिला. दोन दिवस, खरं तर तीन. हवेशीर जागी आडवी ठेवायची, उन्हात नाही, रोज बाजू बदलायची. त्याशिवाय हिला हात लावायचा नाही. हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं होतं की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण पोरगी गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसली होती, त्यांच्या हातांकडे बघत. 'थांब' म्हटलं असतं तर ती उठून गेली असती, आणि ती संध्याकाळ तिथेच संपली असती.

"होईल," मास्तर म्हणाले, आणि ब्रश उचलला.

हात मारला तो मात्र सुरेख. एक उभा, वाळल्यावर एक आडवा. कडांना तीन. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. शुक्रवारी सकाळी फळी आरशासारखी चमकत होती. पोरीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. "माझ्या बाबांनी केलंय," असं लिहिलं, आणि ते वाचून दाखवलं. त्या दिवशी मास्तरांनी सायकल उगाचच लांबच्या रस्त्याने नेली.

रविवारी ते पहिल्यांदाच मैदानावर गेले. धुतलेला शर्ट, हातात पाण्याची बाटली. पुलाखाली सिमेंटचा मोठा खोलगट वाडगा होता. पोरी एका काठावरून सुटायच्या, दुसऱ्या काठावर चढून हवेत वळायच्या. प्रशिक्षक बाई शिट्टी आणि कागद घेऊन काठावर उभ्या होत्या.

मुलीची पाळी आली. पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत ती काठावरून वर गेली, वळली, खाली आली, आणि फळीचा आवाज निराळाच आला. लाकूड मोडताना कडकन मोडतं. इथे ओला पुठ्ठा फाटल्यासारखं झालं. फळीचं मागचं टोक उकललं, पुढचं चाक वळलं आणि पोरगी मनगटावर पडली.

मास्तर धावले. ती उठून बसली होती, ओठ दातांखाली. मनगट हां हां म्हणता सुजलं. बाईंनी फळी उचलली, उकललेला पापुद्रा नखाने सोलला. आतून लाकूड काळपट आणि मऊ होतं.

"आत ओल आहे," बाई म्हणाल्या. सगळ्या पोरी ऐकत होत्या. "पावसात नेलास ना? भिजलेला बोर्ड वाळवल्याशिवाय वापरायचा नाही, किती वेळा सांगितलंय? तीन दिवस नुसता ठेवला असता तर कदाचित टिकला असता."

"माझीच चूक, बाई," पोरगी म्हणाली. "मीच नेला पावसात."

मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, बाटलीचं झाकण उघडून. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी झाकण परत लावलं.

दवाखान्यातून येताना रिक्षात प्लास्टरचा हात मांडीवर धरून ती म्हणाली, "तुमची मेहनत वाया घालवली मी, बाबा. सॉरी."

मास्तर बाहेर बघत राहिले. रिक्षातून उडी मारावीशी वाटली.

सोमवारी कामावर प्लास्टिक उचललं तर आतून थेंब डवरलेले. मुकादमाला घाई होती. "मास्तर, वरून तर खडखडीत दिसतंय. मारायचा का हात? नको ना? चला, म्हणा तुमचा मंत्र."

चौघे हसत वाट बघत होते. मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द आलेच नाहीत. प्लास्टिकची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि म्हणाले, "आज नाही." पुढे दिवसभर ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे बसून कुणाच्याही नजरेला पडणार नाही असं कोपऱ्याचं प्लास्टर खरवडत राहिले. मुकादमाने दोनदा विचारलं, "बरं नाही का?" त्यांनी दोनदा मान हलवली.

संध्याकाळी बायको मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय. काल तुम्ही जेवला नाहीत. आजचा डबाही तसाच परत आणलात."

"भूक नाही."

मशीन थांबलं. "मी बघितलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही पालथा हात लावलात. मग थांबलात. मग ब्रश उचललात. तीस वर्षं तुमचा तो हात बघतेय मी. तो थांबला की मला कळतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बापलेकीत पहिल्यांदा काही शिजत होतं. मध्ये कशाला नाक खुपसू म्हटलं. चुकलंच माझं. पण मी माझी चूक कुणाच्या गळ्यात नाही घातली." तिने दोरा दाताने तोडला. "जा आत."

आत पोरगी डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न करत होती. उकललेली फळी कपाटाला टेकवलेली. मास्तरांनी ती उचलली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"ही तुझी चूक नाही," ते म्हणाले. "पावसात भिजली, ते वाळलं असतं. मी वरून लेप दिला. आतलं पाणी आतच राहिलं. त्याने पापुद्र्यांमधला सरस सुटला."

"तुम्हाला कळलं नसेल, बाबा. लाकूड तुमचं काम नाही."

तिने वाट काढून दिली होती. मास्तरांना ती वाट दिसली.

"कळलं होतं. हाताला गार लागलं होतं. तरी ब्रश मारला."

पोरीने पेन खाली ठेवलं. बाहेर मशीन बंदच होतं.

"मग मैदानावर का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि मला? मला नव्हती वाटत? सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली मी. रिक्षात तुम्हाला सॉरी म्हटलं. तुम्ही म्हणू दिलंत."

मास्तर मान खाली घालून फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. लेप अजूनही चमकत होता. एक ओघळ नव्हता.

"बाईंना सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. जसं मी सांगितलं तसं."

पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा तोच धुतलेला शर्ट घालून गेले. या वेळी हातात बाटलीऐवजी फळी होती. पंधरा-वीस पोरी, दोन-तीन पालक, बाई. उभं राहून त्यांनी सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले, तेव्हा जसं झालं तसं सांगितलं. ओली होती, माहीत होतं, मीच लेप दिला, पोरीचा दोष नाही.

"काका, तुम्ही काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग."

"किती वर्षं?"

"बत्तीस."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी तिकडे डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हललाच. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्यांच्याकडे बघतही नव्हती. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती एका लहान पोरीच्या हेल्मेटचा पट्टा एका हाताने लावत होती. बाई म्हणाल्या, पुढची निवड चार महिन्यांनी आहे, तोवर मनगट बरं होईल. बोर्डाचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

त्या महिन्यात मुकादमाला जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी माणूस हवा होता. आत वाकून उतरायचं, जुना थर मशीनने घासून काढायचा. धूळ नाकातोंडात, कंबर सरळ करायला जागा नाही. कुणी तयार होईना. मास्तरांनी हात वर केला.

"या वयात?" मुकादम म्हणाला. "कुठली हौस आली?"

"हौस नाही."

अठरा दिवस ते त्या टाकीत उतरले. घरी आले की बायको पाठीला शेक द्यायची. पोरगी एकदा दारातून बघून गेली. दुसऱ्या दिवशी दाराच्या मागचे कपडे बाहेर दोरीवर टांगलेले दिसले. मास्तरांनी ते पाहिलं.

त्या अठरा दिवसांच्या पगारातून नवी कोरी फळी आली. पावसाळी हवेत खोकं दमटलं होतं. पोरीच्या हाताचं प्लास्टर कालच निघालं होतं. तिने फळी बाहेर काढली, बारीक कागदाने कडा स्वतः घासल्या आणि लेपाचा डबा उघडला. ब्रश बुडवायच्या आधी ती थांबली. तिने कडेला पालथा हात लावला. मग फळी त्यांच्यापुढे धरली.

"बघा."

मास्तरांनी हात पुढे केला. डोळे मिटून त्यांनी हाताची पाठ लाकडाला लावली आणि चांगला वेळ तशीच ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "अजून दोन दिवस."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं, आणि मास्तरांच्या घामाची ती फळी कपाटावर, हवेशीर जागी, आडवी ठेवून दिली.