पंख्यात अडकलेल्या अक्षता

काटेवाडीच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू करून मी दूध तापवायला जायची. दूध उतू जाऊन, ओटा पुसून परत आले तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. याच कॉम्प्युटरवर मी एके काळी बारामतीच्या प्रेससाठी लग्नपत्रिका टाइप करत होते. पुढे तो अर्ध्या तासात तापून आपोआप बंद पडायला लागला आणि माझं काम सुटलं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात इंदापूरच्या एका प्रेसवाल्यांचा फोन आला. "ताई, सोमवारी सकाळी एक पत्रिका करून पाठवा. पण युनिकोडमध्ये हवी, जुने फॉन्ट आता चालत नाहीत. जमलं तर तुळशीच्या लग्नानंतरचं सगळं काम तुमच्याकडं." मी लगेच हो म्हणून बसले. आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसायचा, हा माझा जुना स्वभाव. पण सरळ सांगते, मला ते काम हवंच होतं. दिवसभर राबूनही माझं असं काहीच नव्हतं, ते मला परत हवं होतं.

शनिवारी बारामतीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, तो भंगारात घाला, नवीन घ्या." माझं डोकंच फिरलं. टायर गेलं म्हणून आम्ही ट्रॅक्टर टाकून देतो का, असं मी त्यालाच विचारलं. मग जास्तीची रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसवायची वेगवान एसएसडी त्यानं काढून दिली, नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर टाकून दिली.

रविवारी दुपारी मोबाइलवर व्हिडिओ लावून कॅबिनेट उघडलं आणि बघतच राहिले. आतल्या पंख्यावर कुंकू आणि धुळीचा लाल थर बसला होता, पात्यांत अक्षता अडकल्या होत्या. पंखा जागचा हलत नव्हता. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, दर खंडेनवमीला ट्रॅक्टर, पंप, कोयते पुजतात, त्याच ओळीत कॉम्प्युटरही. कॅबिनेटला वरून जाळी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आबा, तुमच्या पूजेनं माझं काम घालवलं!" मी ओरडलेच. सासऱ्यांवर इतका आवाज मी कधी चढवला नव्हता.

आबा वाकून आत बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला काय ठावं पोरी, आत पडतंय म्हून? तुझंबी हत्यारच हाय ते. त्येला कसं वगळायचं?"

आबा त्याला टीव्हीसारखी करमणूक समजतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी ब्रशनं पंखा साफ करायला घेतला, आबांनी बॅटरीचा उजेड धरला.

सगळं बसवून बटण दाबलं तर नुसतंच बीप बीप. व्हिडिओ मागं नेऊन पाहिला, रॅम काढली, तिच्या पट्टीवर खोडरबर घासलं आणि खट्कन आवाज येईपर्यंत दाबून बसवली. या वेळी पडदा उजळला. नवी सिस्टीम चढायला तासभर लागला, आणि नंतर बंद करून पुन्हा चालू केला तर मी पाण्याचा घोट घेते तोवर तो तयार. मला रडूच आलं. आबा म्हणाले, "आता रडती कशाला? चाललं न्हवं?"

सोमवारी सकाळी पत्रिका पाठवली. तासाभरात प्रेसकडून आणखी तीन पत्रिकांचा मजकूर आला. मी दुसरी पत्रिका जुळवत असताना शेजारच्या काकू दारात आल्या. "आबा, काकडी तोडायला माणूस कमी पडतंय. सूनबाई घरीच हाय न्हवं?"

"घरात हाय, पन कामावर हाय," आबा म्हणाले. "मीच येतो, चला."

आणि टोपी घालून ते काकूंच्या मागं निघाले.