नवरीच्या उटण्यात मीठ

मंडळी, आज मी एका नवरीच्या चेहऱ्याची वाट लावणार होते. वाचवलं ते सिंधूमावशींनी.

मी मिरजगावात संत्र्याच्या साली वाळवून, दळून उटणं करते. हायवेवरचे ज्यूसवाले काका माझ्यासाठी साली जपून ठेवतात. उद्या शेजारच्या पोरीची हळद, म्हणून आज ताजा डबा भरला.

द्यायला निघाले तर मावशींनी अडवलं. त्या माझ्याकडे साली निवडायला येतात, परवाच ऊसतोडीवरून परतल्यात.

"थांब गं. नवरीला द्यायच्या आदी माज्या हाताला लावून बग."

मी हसले. "मावशी, तुम्ही काय नवरी आहात?"

उसाच्या पाचटाने त्यांचे हात चिरलेत. उटणं लागताच त्या कळवळल्या. मग चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणाल्या, "मीठ हाय की ह्यात!"

काकांना फोन केला, तर ते कौतुकाने सांगतात, "साली नासू न्हाईत म्हनून मीठ लावून ठिवल्या, लोनच्याच्या लिंबावानी."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? न चाखता दळल्या, चूक माझीच. पार्लरमधून थ्रेडिंग करून आलेल्या तोंडावर हे चोळलं असतं तर!

नवरीला जुन्या डब्यातलं उटणं दिलं. मावशींचे हात धुऊन खोबरेल लावलं, तेव्हा ते पहिल्यांदा नीट पाहिले. वर्षभर मी लोकांचे चेहरे उजळवतेय, आणि माझ्याच घरात कामाला येणारे हात असे.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हटलं.

"त्यात काय? माजं हात तसंबी चिरल्यालंच हुतं."