बोकड रोख, कुकर हाकेचा

जिथे चार माणसं जेवायला बसतील तिथे माझा साडू सांगतो की मी घरचा कुकर देऊन बोकड विकत घेतला. हे साफ खोटं आहे. बोकड मी रोख घेतला. कुकर गेला तो हाकेच्या बदल्यात. एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं बकऱ्यांच्या धंद्यात राहू नये. पण तो राहतो, माझ्याच शेजारी दावण लावून राहतो, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

मंगरूळपीरच्या बाजारात मी दुसऱ्यांच्या बकऱ्या हाकत आलो आणि स्वतःच्या बळावर व्यापारी झालो. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. भोवती गर्दी असली तरी आतला आकडा कोणाला कळत नाही. त्यात बोटांइतकाच चेहरा लागतो. माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे, पण सौदा चालू असताना माझा चेहरा आजवर कोणी वाचलेला नाही. घराला आग लागली असं कानात येऊन सांगितलं तरी माझी भुवई हलणार नाही.

अडचण फोननं केली. हात रुमालाखाली असायचा आणि खिशात मेसेज यायचा. काढून पाहावं तर सौदा सुटतो, न पाहावं तर गिऱ्हाईक सुटतं. मुलगी म्हणाली, ज्याला त्याला वेगळा आवाज लावून देते, न पाहताच कळेल कोण आहे. तिनं फोनमधले तयार आवाज ऐकवले. टिंग, टुंग, कुठे थेंब पडल्यासारखं काहीतरी. एकालाही वजन नव्हतं. असल्या मालाला मी बाजारात हातसुद्धा लावत नाही. म्हटलं, आवाज मी स्वतः बनवणार.

मग स्वयंपाकघरात ठाण मांडलं. वाशीमचा एक खानावळवाला माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्याला लोखंडी खलबत्ता दिला. तीन ठोके, मधला जरा जोरात. साडूला पत्र्याच्या पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज. एका व्यापाऱ्याला बकरीचं ओरडणं द्यायचं होतं, पण फोन तोंडापुढे धरला की बकरी गप्प आणि खिशात घातला की बें. शेवटी मीच ओरडलो. तो आवाज सगळ्यांत चांगला जमला. बायकोसाठी बांगड्या वाजवून घेतल्या तर ती भडकली.

"बांगड्या काहून? मी काय तमाशात नाचून राह्यली?"

"मंग काय पायजे तुले?"

"कुकरची शिट्टी लावा. शिट्टी झाली का घरी या. एरवी तर येत नाई."

लावली. आमचा कुकर जुना. त्याची शिट्टी आधी खोकल्यासारखी अडकायची आणि मग एकदम लांब निघायची. तशी शिट्टी गल्लीत दुसऱ्या कोणाची नव्हती.

पहिल्या बाजारी खिशात बकरी ओरडली आणि बाजारभरच्या बकऱ्यांनी तिला उत्तर दिलं. एक करडू माझ्या खिशाला तोंड लावून उभंच राहिलं. लोक हसले, मीही जरा ताठ चाललो. पण पुढे पुढे मला भाव चढे लागू लागले. खलबत्ता वाजला की समोरच्याची बोटं घट्ट व्हायची. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. चहाच्या टपरीवर बसून साडू एकेका आवाजाचा अर्थ लोकांना समजावत होता.

"खलबत्ता वाजला का समजा वाशीमवाला. म्हंजे भाऊले घाई हाये, सोडू नका. शिट्टी वाजली का आमची मेहुणी. म्हंजे आता हा घरी पयते, सौदा उरकून घ्या."

आयुष्यभर मी चेहरा झाकला, आणि माझा खिसा सगळं बोलून मोकळा होत होता.

त्यातच खानावळवाल्याचा नवस फळला. त्याला दर्ग्यावर कंदुरीचं जेवण घालायचं होतं आणि त्यासाठी अंगावर एक पांढरा केस नसलेला काळा बोकड हवा होता. तो म्हणाला, "ह्या बाजारी भेटला तर तुमी. नाई तर यापुढं सगळा माल तुमच्या साडूकडून." असा बोकड बाजारात एकच होता, मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या एका आजीचा.

मी मुलीकडून दोन आवाज आपसांत बदलून घेतले. शिट्टी वाशीमवाल्याला, खलबत्ता बायकोला. वाशीमहून मेसेज आला की शिट्टी वाजणार, आजीला वाटणार ह्याला घरून बोलावणं आलं, हा आता चालला, आणि ती भाव उतरवणार. बायकोला बजावलं, आज एकही मेसेज करू नको. ती म्हणाली, "मले काय काम पडलं?"

बायांशी रुमालाखाली सौदा करायची रीत नाही. पण आजी माझ्या आईच्या वयाची. तिनंच आपली ओढणी दोघांच्या हातांवर टाकली. बोटं सुरू झाली आणि शिट्टी वाजली.

"जा बाप्पा, बोलावणं आलं तुमाले."

"जातोच आता, आजी," म्हणत मी अर्धा उठलो.

तिनं एक बोट सोडलं. बाण बरोबर लागला होता. पण वाशीमवाल्याला धीर कुठला! भेटला का, पुरा काळाच आहे ना, बोलत काहून नाही. शिट्टीवर शिट्टी.

आजी थांबली. "तुरीच्या डाळीले तीन शिट्ट्या लागते. ह्या सात झाल्या. घरी काय गोटे शिजून राह्यले?"

भोवतीचे मोजायला लागले. पुढची वाजली तेव्हा सगळे एका सुरात "आठ!" म्हणाले. आणि तेवढ्यात खलबत्ता वाजला. तीन ठोके, मधला जोरात.

टपरीवरून साडू ओरडला, "वाशीम आलं! आजी, धरून ठेवा!"

आजीनं सोडलेलं बोट परत दाबलं, वर आणखी एक दाबलं. माझं डोकं फिरलं.

"अरे वाशीमवाला नाई तो! बायको हाये माही! कोथिंबीर आना म्हनत असन!"

"मंग शिट्टी कोनाची?" आजीनं विचारलं.

मग जे काही हसणं उसळलं त्यात बकऱ्याही सामील झाल्या. नंतर मेसेज पाहिला, तर कोथिंबीरच होती.

आजीनं मागितला तो भाव मी दिला. गिऱ्हाईक साडूच्या दावणीला जाण्यापेक्षा ते परवडलं. दोर हातात घेतला आणि बोकड खाली बसला. ओढला, ढकलला, टेम्पोवाल्यानं शेपटी पिरगाळली. तो रवंथ करत राहिला. आजी ओढणी झटकत म्हणाली,

"माह्या हाकेबिगर तो उठत नाई."

"मंग मारा ना हाक."

"बोकडाचा भाव झाला, सेठ. हाकेचा कुठं झाला?"

पुन्हा ओढणीखाली हात गेले. पण आता तिला पैसे नको होते. ज्याची शिट्टी माझ्या खिशात वाजत होती तो कुकर हवा होता. मी म्हटलं, समोर भांड्यांचं दुकान आहे, नवा कोरा घेऊन देतो.

"नव्याची शिट्टी कशी निघन काय मालूम? हा म्या आठ डाव ऐकला. चालू माल हाये."

न तपासलेला माल मीही घेत नाही. कबूल झालो. आजीनं फोनला तोंड लावून "हुर्रर्र, ये ये ये" अशी हाक भरून दिली. ती वाजवताच बोकड उठला आणि माझ्या खिशामागे चालत टेम्पोत चढला. दुसऱ्या दिवशी कुकर तांड्यावर पोचला. बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

खानावळवाल्यानं बोकडाचा केस न् केस उलटून पाहिला आणि खूश झाला. कंदुरीच्या दिवशी मात्र माझ्या खिशात शिट्ट्या सुरू झाल्या. मी वाशीमला गेलो. खानावळीच्या मागच्या अंगणात बोकड बसलेला, भोवती चार गडी घामाघूम.

"हा उठून नाई राह्यला, भाऊ. दर्ग्यावर कसा न्यावा?"

त्याच्या पाठीमागे भटारखान्यात कुकर ओळीनं मांडलेले दिसत होते. मी फोन खिशातच ठेवला आणि खांद्यावरचा रुमाल काढला.

"बोकडाचा भाव झाला," मी म्हटलं. "हाकेचा कुठं झाला?"

त्या ओळीतला सगळ्यात मोठा कुकर आता आमच्या घरी आहे. शेगडीवर मावत नाही, आणि त्याची शिट्टी झाली की शेजारचे दार उघडून बाहेर बघतात. बायको विचारते, "ह्याच्यात वरन करू का तुमालेच बसवू?" बसव म्हणावं. कुकरच्या बदली कुकर आला, तोही मोठा आला आणि गिऱ्हाईकही राहिलं. साडू पंगतीत ही गोष्ट सांगतो तेव्हा मी मुद्दाम त्याच्या समोर बसतो. आजीच्या ओढणीपर्यंत तो रंगवून सांगतो. पुढे वाशीम आलं की म्हणतो, जरा मठ्ठा घेऊन येतो, आणि ताटावरून उठतो.