चिरणाऱ्यावर दगड

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात रामधन बावीस वर्षं प्रेतं चिरत होता. डॉक्टर बोट दाखवत, सुरी रामधन चालवी. हायवेवर ट्रकखाली चेंगरलेले, विहिरीत फुगलेले, कुऱ्हाडीनं तुटलेले, सगळे त्याच्याच हाताखालून गेले. घरी आला की बायको मानीबाई आधी अंगणात बादलीभर पाणी अंगावर ओतायला लावी, मगच ताट वाढी.

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या भर दुपारी रंजिताला आणलं. वय सव्वीस. सासरचे म्हणाले, माडीवरून पडली. नवरा, दीर आणि त्यांची चाळीस-पन्नास माणसं पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर जमली होती.

"चिरफाड नाई पायजे! बॉडी अशीच द्या!" दीर ओरडत होता. बंदोबस्ताला एकच हवालदार होता.

रंजिताचे वडील सदाशिवराव मारेगावला इतिहासाचे मास्तर होते, आता निवृत्त. ते दारात आडवे उभे राहिले. रामधनला म्हणाले, "भाऊ, तुमी चिरा. बाप मी हावो तिचा."

रामधननं चिरलं. गळ्यापाशी कातडी सोलली तर आत काळंभोर रक्त साकळलेलं, आणि इवलंसं हाड मधोमध मोडलेलं. डॉक्टर वाकून म्हणाले, "हे पडून मोडत नाही. गळा दाबलाय."

खिडकीशी कान लावून दीर उभा होता.

पहिल्या दगडानं काच फुटली. दुसरा रामधनच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्यातून गरम काहीतरी गालावर ओघळलं. हवालदाराला लाथाडून माणसं दार तोडायला लागली. सदाशिवरावांना त्यांनी दंडाला धरून पायरीवरून खाली फेकलं. नवरा लोखंडी सळई घेऊन आत घुसला. "हिले उचला!" म्हणत त्यानं टेबलावरच्या रंजिताचा पाय धरला.

रामधन तिच्यावर पालथा पडला. सळई पाठीवर बसली, मग खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. त्यानं उजव्या हातानं टेबलाची कड धरली ती सोडली नाही. नवरा त्याच्या बोटांवर सळई हाणत होता तेव्हाच पोलिसांची गाडी आली.

डॉक्टर म्हणाले, "चल, आधी तुला टाके घालू."

"पोरगी उघडी पडली हाय, साहेब. अशी कशी देऊ तिच्या बापाले?"

रक्त गळत असताना, ठेचलेल्या बोटांनी त्यानं रंजिताला शिवलं. शेवटची गाठ मारली आणि तिथंच कोसळला.

तिला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी सदाशिवराव यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी येऊन बसले. मग म्हणाले, "पोरांना मी मिसर देश, म्हणजे जुना इजिप्त, शिकवायचो. तिथं मेलेल्या माणसाला मीठ लावून टिकवत. त्याआधी एक माणूस कुशीत चीर द्यायचा. चीर दिली रे दिली की ज्यांनी बोलावलं तेच त्याच्यामागं दगड घेऊन धावायचे, म्हणे."

"बोलावून दगड? काहून?"

"मेलेल्याला जखम केली म्हणून. पण त्याच्याशिवाय पुढचं कामही होत नव्हतं. आतडी, यकृत, फुप्फुस, सगळं काढत. हृदय तेवढं आत ठेवत. वरच्या न्यायात ते सत्याच्या पिसासमोर तराजूत तोलायचं असे."

"आन् जड निघालं तं?"

"मगरीच्या तोंडाची एक राक्षसीण तिथंच बसलेली. ती खाऊन टाकी."

रामधन हसला, तशी खांद्यात कळ गेली. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, तिचं हृदय म्या जागच्या जागी ठेवलं होतं." सदाशिवरावांनी उपरण्यात तोंड लपवलं आणि मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.

नवरा आणि दीर तुरुंगात आहेत, खटला चालू आहे. रामधनचा डोळा गेला. हाडं जुळल्यावर त्याला दवाखान्याच्या फाटकावर बसायचं काम दिलं. आठ दिवस बसला. नवव्या दिवशी हायवेवरून दोन प्रेतं आली आणि त्याच्या जागी चिरायला घेतलेला नवा माणूस बाहेर येऊन ओकला. रामधन उठला, हातमोजे चढवून आत गेला.

डॉक्टर म्हणाले, "जमेल?"

"हात चालते, साहेब. एका डोळ्यानं सुरी किती खोल गेली ते समजत नाई. तुमी सांगत राहा."

डॉक्टर सांगत राहिले.